लांब ठोका, आखूड ठोका

खोलीत अकरा वाद्यं होती. चार लहान ड्रम, तीन खुळखुळे, एक डफ, एक लोखंडी त्रिकोण, लाकडी पट्ट्यांचं एक वाद्य आणि एक कीबोर्ड. त्यांतल्या एका ड्रमचं कातडं फाटलेलं होतं आणि कीबोर्डाच्या एकसष्ट पट्ट्यांपैकी चार मुक्या होत्या. खुर्च्या आठ, मुलं आठ. खिडक्या दोन. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. टेबलावर टिकटिक करून लय देणारा एक मेट्रोनोम, एक लॅपटॉप आणि एक काळी रबरी चकती. चकतीवर बोट आपटलं की त्या ठोक्याची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लॅपटॉपमध्ये नोंदली जायची. चकती आणि लॅपटॉप माझ्या ताब्यात होते.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते. शाळेने वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी ही संगीताची खोली सुरू केली होती आणि तिचा खरंच उपयोग होतो का, हे मोजायला त्यांना कोणीतरी हवं होतं. काम तीन महिन्यांचं. खोली चालवायच्या संगीतबाई. आवाज भरदार, हात मोठे, आणि वीस वर्षं अशाच मुलांबरोबर काढलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मुलांसमोर उभं केलं.

“ही आपल्याला मोजणार आहे.”

“उंची?” एकाने विचारलं.

“नाही, ठोके. सेकंद,” मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी सेकंदताई झाले. “सेकंदताई, तुम्ही शिंकलात तरी मोजता का?” हा विनोद त्यांना तीन महिने पुरला.

आठांमधली सर्वांत लहान चणीची मुलगी मुंगी. हे नाव तिच्या आईने ठेवलेलं आणि शाळेनेही उचललेलं. वय नऊ. मुंगी बोलायला चुणचुणीत होती, तोंडी गणितं पटापट सोडवायची, पण पुस्तक उघडलं की तिच्या चेहऱ्यावरचा दिवाच विझायचा. एक शब्द वाचायची, पुढच्यावर अडायची, परत मागे यायची, पहिला शब्द पुन्हा वाचायची, आणि तोवर दुसराही हातचा गेलेला असायचा. मी पहिल्या आठवड्यात घेतलेली नोंद: एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द एकोणीस.

सत्राच्या शेवटी चाळीस लागणार होते. मुख्याध्यापिकांनी ते मुंगीच्या आईला समोर बसवून सांगितलं होतं. चाळीस झाले तर मुंगी याच वर्गात राहील. नाही झाले तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खास शाळेत. दोन बस बदलून जायचं, दोन बस बदलून यायचं. शाळा चांगली होती, त्यात वाद नव्हता. पण तिला रोज नेणार-आणणार कोण, याचं उत्तर आईजवळ नव्हतं, आणि मुंगीचं म्हणणं एकाच वाक्याचं होतं, “मला नाही जायचं.”

संगीतबाईंची पद्धत साधी होती. मुलांनी तालावर वाचायचं. दर टिकटिकीला एक शब्द.

“अडखळणारं मूल मागे वळून बघतं,” त्या मला म्हणाल्या. “ताल मागे वळू देत नाही. तो हात धरून पुढे नेतो.”

दर शुक्रवारी मी प्रत्येक मुलाची चाचणी घ्यायची. आधी एक मिनिट मुलाने आपल्या मनाने चकतीवर ठोके द्यायचे, मेट्रोनोम बंद ठेवून. मग मेट्रोनोम लावून वाचायचं. पहिला भाग मी कोपऱ्यात एकटीच उरकायचे, कारण तेव्हा बाई उरलेल्या सातांना आवरत असायच्या. तीन खुळखुळे आणि तीन ड्रम एकाच वेळी चालू असताना कोपऱ्यातली चकती कोणाला ऐकू येणार?

ठोके किती नियमित आहेत हे मी असं काढायचे: दोन ठोक्यांमधली अंतरं मोजायची, त्यांची सरासरी काढायची, आणि प्रत्येक अंतर सरासरीपासून किती ढळलंय ते बघायचं. सात मुलांचे ठोके सरासरीच्या पाच ते नऊ टक्के ढळत होते. मुंगीचे वीस टक्के. दर आठवड्याला वीस. वाचनाचंही तेच रडगाणं. मेट्रोनोम लावला की इतर मुलं दोन-चार शब्द पुढे सरकायची. मुंगी एकोणिसावरून चौदावर आली.

“टिकटिक वाजली की मला काही सुचत नाही,” ती म्हणाली.

“सवय होईल,” मी म्हणाले. हे मी कशाच्या आधारावर म्हणाले, ते मला आजही सांगता येणार नाही.

सहाव्या आठवड्यानंतर तक्ता मुख्याध्यापिकांकडे जायचा होता. खोलीत जागा आठच, बाहेर अकरा मुलं वाट बघत होती. ज्याला उपयोग होत नाही त्याने जागा सोडायची, असं आधीच ठरलेलं. शुक्रवारी संध्याकाळी मी तक्ता दिला. मुंगीच्या नावासमोर लिहिलं: ताल अनियमित, वाचनात घट, उपयोग दिसत नाही. तिन्ही विधानांना माझ्याजवळ आकडे होते.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. मी आकृत्या काढायला रिकाम्या खोलीत येऊन बसले. खरं तर तक्ता पोचला होता, आकृत्या कोणी मागितल्याही नव्हत्या. पण कॉलेजात आम्हाला एक खोड लावली होती: सरासरी काढलीस ना, आता मूळ आकडे कागदावर मांडून बघ. मी सहा आठवडे ती खोड विसरले होते.

मी मुंगीच्या पहिल्या शुक्रवारचे सगळे ठोके मांडले. आडवं ठोक्याचा क्रमांक, उभं त्या ठोक्याआधीचं अंतर. एक अंतर, एक ठिपका. ताल अनियमित असेल तर ठिपके सांडलेल्या साखरेसारखे पसरायला हवे होते.

पडद्यावर दोन सरळ रेघा उमटल्या.

एक वर, एक खाली. रुळांसारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला आधी वाटलं, लॅपटॉपच काहीतरी खुळ्यासारखं करतोय. मी आकडे वाचले. सेकंदाचे हजारावे भाग धरले तर आठशे आठ, पाचशे त्रेचाळीस, आठशे बारा, पाचशे अडतीस, आठशे सहा, पाचशे एक्केचाळीस. लांब, आखूड. लांब, आखूड. पूर्ण मिनिटभर. लांब अंतरं वेगळी काढली आणि आखूड वेगळी. लांबांची सरासरी आठशे दहा, ढळणं फक्त अकरा हजारावे भाग. आखूडांची पाचशे चाळीस, ढळणं नऊ.

मी दोन्ही एकत्र ढवळून त्यांची मिळून एक सरासरी काढली होती, सहाशे पंचाहत्तर. मुंगीने सहा आठवड्यांत त्या सरासरीच्या आसपासचा एकही ठोका दिला नव्हता. आणि त्या न दिलेल्या ठोक्यापासून ती किती दूर आहे, हे मी दर शुक्रवारी इमानेइतबारे लिहून ठेवत होते.

मग मी बाकीचे पाच शुक्रवार मांडले. प्रत्येक आकृतीत दोन रेघा. सहाव्या आठवड्याची लांब सरासरी आठशे तेरा. म्हणजे एका आठवड्याची लय दुसऱ्या आठवड्याशी जुळवायला कसलंही साधन नसताना, सर्दी झालेली असताना, एकदा तर खेळाच्या तासाला गुडघा फोडून आल्यावरही, ही मुलगी दर वेळी त्याच लयीवर येऊन उभी राहत होती आणि सहा आठवड्यांतला फरक सेकंदाचे तीन हजारावे भाग इतकाच होता. कॉलेजातल्या आमच्या लंबकाने मला यापेक्षा वाईट आकडे दिले होते.

मी चकती पुढे ओढली आणि स्वतःची चाचणी घेतली. साधे, समान ठोके. ढळणं चौतीस. पुन्हा घेतली. एकतीस. मग मी त्या दोन रेघांकडे बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे वीस मिनिटं.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मी संगीतबाईंना लॅपटॉप दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“मला रेघा कळत नाहीत. वाजवून दाखव.”

मी मुंगीचे नोंदलेले ठोके स्पीकरवर लावले. ठक्… ठक् ठक्… ठक् ठक्… बाई डोळे मिटून ऐकत होत्या. अर्ध्या मिनिटाने त्यांनी बोट वर केलं, चकतीवर ठेवलं आणि तोच ताल धरायला लागल्या. त्यांचं ढळणं सतरा आलं. मी त्यांना मुंगीचे आकडे सांगितले.

“नऊ?” त्या म्हणाल्या. “मी तीस वर्षं वाजवते आहे गं!” त्यांनी चकतीवरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, “आणि मी तिच्या कानाशी ती टिकटिक लावून ठेवली. चालणाऱ्या माणसाचे पाय धरावेत ना, तशी.”

दोघी तशाच मुख्याध्यापिकांकडे गेलो. मी म्हणाले, “मॅडम, माझा तक्ता चुकला आहे.”

“आकडे चुकले?”

“आकडे बरोबर आहेत. मी त्यांना विचारलेला प्रश्न चुकला.”

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आकृती बघितली, आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं. “मुलीचा ताल पक्का आहे, हे मान्य. पण मला वर उत्तर द्यायचं असतं ते वाचनाचं. सहा आठवडे उरलेत. जागा ठेवते. चाळीस शब्द मात्र चाळीसच. आणि परीक्षेत वाद्य नाही, टिकटिक नाही, टेबलावर बोटंही नाहीत. सगळ्यांना जे, ते तिला.”

मुंगीला विचारलं तर ती गोंधळली. “मी चुकीचं वाजवते ना?”

“नाही. हा ताल तुला कोणी शिकवला?”

“कुठला ताल?”

संध्याकाळी तिला घ्यायला आई आली तेव्हा आम्ही दोघी तिच्याबरोबर निघालो. आईचं कामाचं ठिकाण शाळेपासून नऊ मिनिटांवर होतं. एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली, खिडकीला लागून एक यंत्र, बाजूला पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे गठ्ठे. कपड्यांना अडकवायच्या या पट्ट्या; प्रत्येकीत दोरा ओवायला एक पितळी कडी बसवायची. यंत्र पायाने चालायचं.

“मुंगीने काही केलं का?” आईने तिसऱ्यांदा विचारलं.

“काही वाईट नाही केलं हो,” संगीतबाई म्हणाल्या. “तुम्ही तुमचं काम करा. आम्हाला फक्त ऐकायचंय.”

“यंत्र ऐकायचंय?” ती हसली. “बसा मग. स्टूल एकच आहे आणि त्यावर मी बसणार. ऐकायला काय, सगळी इमारत ऐकते आणि वरून भांडायला येते.”

ती बसली. पट्टी खाचेत ठेवली, पाय दाबला. ठक्. पाय सोडला, दांडा वर गेला. ठक्. पुढची पट्टी उचलली, खाचेत ठेवली, पाय दाबला.

ठक्… ठक् ठक्… ठक् ठक्…

संगीतबाईंनी माझा दंड धरला. मी रेकॉर्डर आधीच चालू केला होता. शंभर पट्ट्या होईपर्यंत आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. आई मध्येच मुंगीला दप्तर नीट ठेवायला सांगत होती, वरच्या मजल्यावरच्या भांडकुदळ शेजाऱ्याची नक्कल करत होती, स्वतःच्याच नकलेवर हसत होती. पाय मात्र कशातही सामील नव्हता. मुंगी यंत्रामागच्या उपड्या खोक्यावर बसून चित्र रंगवत होती. तिची पेन्सिलही लांब जात होती, आखूड येत होती.

“ही रोज इथेच बसते?” मी विचारलं.

“जाणार कुठे? चालायला लागायच्या आधीपासून. याच आवाजात झोपायची. यंत्र थांबलं की जागी व्हायची. त्याच्या आधी तर पोटातच होती. शेवटच्या महिन्यात पोट आडवं यायला लागलं, म्हणून स्टूल मागे सरकवलं. ती खूण आहे बघा जमिनीवर.”

फरशीवर स्टुलाच्या पायांचे चार पांढुरके ओरखडे होते. मी ते अंतर मोजलं. अकरा सेंटिमीटर. मोजून काय करणार होते, माहीत नाही.

रेकॉर्डिंगची अंतरं मी तिथेच काढली. लांब आठशे चौदा, आखूड पाचशे त्रेचाळीस. यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. एक मुलगी, एक यंत्र. तरी ते दोन आकडे मुंगीच्या आकड्यांशेजारी लिहिताना मला कोणीतरी हळू बोलायला सांगितल्यासारखं झालं, आणि मी आवाज खाली आणून ते बाईंना वाचून दाखवले.

पुढची कल्पना बाईंची. त्यांनी मुंगीला खोक्यावरून उठवून यंत्राशेजारी उभं केलं.

“लांबमध्ये आई काय करते?”

“पट्टी बघते. ठेवते.”

“आखूडमध्ये?”

“दाबते.”

“मग तू लांबमध्ये शब्द बघायचा. आखूडमध्ये बोलायचा. बघ, बोल. बघ, बोल.”

मुंगीने विचार केला. “आणि शब्द आलाच नाही तर?”

“आईची पट्टी वाकडी बसली तर ती काय करते?”

“त्या टोपलीत टाकते.”

“आणि?”

“आणि पुढची घेते.”

“मागची काढून परत बघत बसते?”

“छे!” आईच मध्ये म्हणाली. “मागे वळून बघत बसले तर माझं काम व्हायचं कधी?”

मुंगीने टोपलीकडे बघितलं. तळाशी आठ-दहा वाकड्या पट्ट्या पडल्या होत्या. हातात कडी घेतलेल्या आईकडे बघितलं. “म्हणजे शब्द टोपलीत टाकला तर चालेल?” तिने इतक्या हळू विचारलं की बाईंना वाकावं लागलं.

“एक-दोन टाकलेस तर चालेल.”

दुसऱ्या दिवशी मेट्रोनोम कपाटात गेला. मुंगी डाव्या हाताने ड्रमवर आपला ताल धरायची आणि पुस्तकावर बघायची. पहिल्या दिवशी ती दर तिसरा शब्द टोपलीत टाकत होती आणि प्रत्येक वेळी “टोपली!” असं मोठ्याने जाहीर करत होती. दोन दिवसांत सगळी खोली “टोपली, टोपली” करायला लागली. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण मी बघत होते ते वेगळंच. अडलेल्या शब्दानंतर मुंगीची मान मागे वळत नव्हती.

शुक्रवार: बावीस. पुढचा शुक्रवार: सत्तावीस. मग सव्वीस; त्या दिवशी तिला ताप होता. मग तेहतीस. आता बाईंनी ड्रम काढून घेतला आणि मांडीवर बोटाने ताल धरायला सांगितलं. मग बोटही काढून घेतलं. “आता मनात वाजव.” मनात वाजवायला सांगितल्यावर ती पहिल्यांदा रडली. आकडा अठ्ठावीसवर घसरला. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “यंत्र बंद झालं की तू जागी व्हायचीस म्हणे. मग आता तूच ते चालू ठेव.” परीक्षेआधीच्या शेवटच्या चाचणीत, हातांची घडी घालून: छत्तीस.

परीक्षा मुख्याध्यापिकांच्या खोलीत होती. न पाहिलेला उतारा, एक मिनिट. स्टॉपवॉच माझ्या हातात, बरोबर-चुकीच्या खुणा मुख्याध्यापिका करणार. आई बाहेर बाकावर बसली होती. यंत्र बंद ठेवून ती दिवसाउजेडी बाहेर पडली होती, आणि ही पहिलीच वेळ असावी असा तिचा चेहरा होता. संगीतबाई तिच्या शेजारी हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. का, ते मला लगेच कळलं. त्यांना भीती होती की बोटं आपोआप वाजायला लागतील.

“हात टेबलावर, सपाट,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “तयार?”

मुंगीने मान हलवली. मी बटण दाबलं.

पहिला सेकंदभर काहीच नाही. मग पहिला शब्द. मग दुसरा. तिसऱ्यावर ती थबकली, तिची मान मागे वळायला लागली. आणि मग ओठ हलले, आवाज नाही, पण शब्द मला ओळखता आला: टोपली. तिने चौथा शब्द वाचला.

मी घड्याळाकडे बघायला हवं होतं. मी टेबलाखाली बघितलं. बूट दाराबाहेर काढलेले मुंगीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. एका मोज्याला भोक पडलं होतं आणि त्यातून डाव्या पायाचा अंगठा बाहेर आला होता. तो खाली जात होता आणि वर येत होता. खाली, वर. लांब, आखूड. खोलीत कुठेही यंत्र नव्हतं, वाद्य नव्हतं, टिकटिक नव्हती. नऊ वर्षांची एक मुलगी कुणालाही ऐकू न येणारी एक पट्टी खाचेत ठेवत होती, दाबत होती, पुढची घेत होती, आणि दर दाबाला कागदावरचा एक शब्द आवाज होऊन बाहेर पडत होता. मुख्याध्यापिकांचं पेन खुणा करत चाललं होतं. ते कुठल्या लयीत चाललंय हे त्यांना कळलं नव्हतं.

एकोणसाठ. साठ. मी बटण दाबलं.

मुख्याध्यापिकांनी खुणा एकदा मोजल्या. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि मी पुन्हा मोजल्या.

वाचलेले शब्द चव्वेचाळीस. चुकलेले तीन. बरोबर एक्केचाळीस.